नाताळ आणि घरची माणसे

डिसेंबर महिना सरत आला म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा कोण कोण येणार? जालन्याहून मंठ्यावरून जिंतुराकडे जाणाऱ्या रस्त्यास सेलूचा रस्ता जेथे मिळतो, त्या देवगाव फाट्यावर एस. टी. मोटारीतून उतरणारी माणसे पाहिली, तर ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळते. कोणी पुण्याच्या कारखान्यातून, कोणी छत्रपती संभाजीनगराहून, कोणी मुंबईहून येतो, आणि हातात पिशवी व कडेवर लेकरू घेऊन आपल्या गावाची वाट धरतो. उरलेले अर्धे उत्तर मात्र फाट्यावर उभे राहून मिळत नाही. कारण जे आले नाहीत ते तेथे दिसत नाहीत. ते कोठे आहेत, का आले नाहीत, आणि त्यांचे न येणे ही केवळ घरच्यांची हळहळ आहे की मंडळीच्या विचाराची गोष्ट आहे, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

मूळ प्रश्न असा : ख्रिस्तजन्माच्या दिवशी आपल्या माणसांत असणे हे भक्तीचे अंग आहे, की ती नुसती मायेची ओढ आहे? दोन प्रकारचे लोक ह्यास दोन प्रकारे उत्तर देतात. एक म्हणतो, नाताळ अंतःकरणात होतो. प्रभूची आराधना एकट्याने खोलीचे दार लावूनही करता येते. मग भाडे खर्चून व रजा मोडून गावी जाण्याचे अगत्य काय? दुसरा म्हणतो, नाताळ म्हणजे घर, घर म्हणजे आम्ही. आमची पोरेबाळे एकत्र जेवली की सण झाला. पहिल्याने सणातून माणसे काढून टाकली, आणि दुसऱ्याने आपल्या उंबऱ्यापलीकडची माणसे काढून टाकली. दोघांचेही म्हणणे तपासून पाहिले पाहिजे.

पहिल्याच्या बाजूने एक गोष्ट प्रथम मान्य करू. नाताळ पाळावा अशी आज्ञा पवित्र शास्त्रात कोठेही नाही. प्रेषितांनी तो पाळल्याचा उल्लेख नाही, आणि जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेली नाही. इ. स. ३५४ साली रोम येथे तयार झालेल्या एका पंचांगात २५ डिसेंबर ही तारीख आढळते. म्हणजे प्रभूनंतर तीन शतके लोटल्यावर. आपल्या प्रॉटेस्टंट पूर्वजांपैकी कित्येकांस तर हा सणच नको होता. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स येथे १६५९ साली नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड करावा असा कायदा झाला, आणि तो १६८१ साली रद्द झाला. ज्या अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, ते ह्याच न्यू इंग्लंड भागातले होते. स्कॉटलंडात तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. तेव्हा अमुक दिवशी अमुक ठिकाणी हजर न राहिल्याने कोणी देवाचा अपराधी होतो, असे आम्ही म्हणत नाही. सण हा नियम नव्हे, ते स्वातंत्र्य आहे. परंतु जे आपण आज्ञेवाचून करतो, ते का करतो हे सांगण्याची जबाबदारी अधिक असते. नियमाच्या मागे लपता येते; स्वातंत्र्याच्या मागे लपता येत नाही.

ह्या सणाचा अर्थ तरी काय? देवाने मनुष्याशी बोलावे ही गोष्ट बेथलेहेमात नवीन घडली नाही. संदेष्ट्यांच्या मुखाने तो पिढ्यान्‌पिढ्या बोलत आला होता. नियमशास्त्र दिले होते, वचने दिली होती, रागावला होता, समजावले होते. निरोप पाठवणे पुरेसे असते तर निरोपांची काही उणीव नव्हती. पण त्या रात्री त्याने निरोप पाठवला नाही, तो स्वतः आला. इम्मानुएल ह्या नावाचा अर्थच देव आपल्याबरोबर असा आहे. त्या नावात ज्ञान, सामर्थ्य, न्याय ह्यांतले काहीच सांगितलेले नाही. सांगितले आहे ते केवळ बरोबर असणे. जो धर्म ह्या एका गोष्टीवर उभा आहे, त्याच्या अनुयायांनी, जवळ असण्याने काय मोठे होते, असे विचारावे हे चमत्कारिक होय.

तरी विचारलेच तर उत्तर देऊ. आजकाल दूर असलेला मुलगा म्हणतो, मी रोज फोनवर आईचे तोंड पाहतो, महिन्याच्या महिन्यास पैसे पाठवतो. मग मी दूर कसा? ह्या मुलाचे पैसे खरे आहेत व त्याची माया खरी आहे. त्यास कमी लेखू नये. परंतु फोनवर आई जेवढे दाखवील तेवढेच दिसते. सारे बरे आहे असे ती म्हणते, आणि म्हणताना चेहरा उजेडाकडे धरते. घरी आलेल्या मुलास मात्र न सांगितलेले दिसते. धान्याची कोठी तळास गेली आहे, बापाच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली आहे, रात्री खोकला थांबत नाही, आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन महिन्यांपूर्वीची आहे, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. प्रीतीस ज्ञान लागते, आणि हे ज्ञान जवळीकीवाचून मिळत नाही. दुरून आपण आपल्या कल्पनेतल्या आईवर प्रेम करतो. जवळून खऱ्या आईवर करतो, आणि ती कल्पनेतल्या आईहून अधिक थकलेली, अधिक हट्टी व अधिक प्रिय असते. योहानानेही आपल्या एका लहानशा पत्राच्या शेवटी हेच लिहिले आहे की, पुष्कळ सांगावयाचे आहे, पण ते शाईने व कागदावर नको, समोरासमोर येऊन सांगेन. ज्याने पत्र लिहिले त्यानेच पत्राची ही मर्यादा ओळखली.

दुसरे असे की पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. दिवस गेला तो परत येत नाही. म्हणून जो आपला दिवस देतो तो आपल्यातलाच काही भाग देतो. म्हाताऱ्या माणसास हे तर्काने सांगावे लागत नाही. त्यास पाठवलेली साडी व आणलेली साडी ह्यांतला फरक बरोबर कळतो.

येथपर्यंत ज्यांस आमचे म्हणणे गोड लागले असेल, त्यांनी आता दुसरी बाजू ऐकावी; कारण शास्त्र घराची थोरवी सांगून थांबत नाही. पहिला नाताळ घरी झालाच नाही. कैसर औगुस्ताने नावनिशीचा हुकूम काढला, आणि दिवस भरत आलेल्या मरीयेस घेऊन योसेफास नासरेथाहून बेथलेहेमास जावे लागले. पहिलटकरणीने माहेरी, आईच्या हाताखाली बाळंत व्हावे ही आपल्याकडची रीत. मरीयेच्या वाट्यास परगाव व गव्हाण आली. त्या रात्री तिच्याजवळ आई, मावशी, आत्या होती असे लूक सांगत नाही. उतारशाळेत जागा नव्हती एवढे तो सांगतो. आणि बाळास पाहावयास प्रथम आले ते कोण? सगेसोयरे नव्हेत, तर रानात मुक्काम करून रात्रीचा पहारा करणारे मेंढपाळ. म्हणजे स्वतःच घराबाहेर, कामावर असलेली माणसे. पुढे हाच बाळ मोठा झाल्यावर त्याची आई व भाऊ त्यास बोलावीत बाहेर उभे राहिले, तेव्हा देवाच्या इच्छेप्रमाणे करणारा तोच माझा भाऊ, बहीण व आई, असे त्याने सभोवार बसलेल्यांस सांगितले. तेव्हा नाताळ म्हणजे रक्ताच्या नात्यांचा मेळा, एवढाच अर्थ करणारा मनुष्य नाताळची गोष्ट नीट वाचत नाही.

आमच्या महाराष्ट्रातील मंडळ्यांचा इतिहासही हेच शिकवतो. १८४३ साली नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याचाही तसाच विचार होता. पण तो वयाने लहान असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मग त्यास जातीत परत घ्यावे की नाही, ह्याचा मोठा वाद झाला, आणि घ्यावे असे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. एका घरातील दोन भाऊ असे दोहोंकडे झाले. नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले, आणि ज्यांस गावात पाणवठ्यावरही जागा नव्हती अशा लोकांतून जे विश्वासी झाले, त्यांच्यासाठी त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई त्यांजपासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या व स्वतःही ख्रिस्ती झाल्या. त्या ताटातुटीची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे. पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळाच्या दिवसांत गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने गांजलेल्या मुली व विधवा आणून केडगाव येथे त्यांचे घर केले.

ह्या तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट सारखी आहे. घर तुटल्याचे दुःख त्यांपैकी कोणास हलके वाटले नाही. आपल्याला आता घराची गरज उरली नाही, असे म्हणून कोणी संन्याशासारखे निघून गेले नाही. ज्यांचे घर मोडले त्यांनी दुसऱ्यांसाठी घर बांधले. घराची किंमत ठाऊक असल्यावाचून हे घडत नाही. वधस्तंभावर असताना प्रभूने जे केले तेही असेच होते. आई व प्रिय शिष्य जवळ उभे असलेले पाहून त्याने त्या दोघांस मायलेक करून दिले, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले. आईवरची माया त्याने टाकून दिली नाही. ती पुढे नेली. म्हणून आम्ही म्हणतो की घर ही प्रीतीची शाळा आहे, तिची वेस नव्हे. जो शाळेत गेलाच नाही त्यास प्रीतीची अक्षरओळख व्हावयाची कशी? आणि जो जन्मभर शाळेतच बसून राहिला तो शिकला तरी काय?

आता जे फाट्यावर उतरत नाहीत त्यांजकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी, बीड, जालना ह्या जिल्ह्यांतील किती तरी कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्याच्या आसपास कोपी घालून ही माणसे पट्टा पडेपर्यंत राहतात. कारखान्याचा हंगाम भरात असतो तेव्हाच नाताळ येतो. पहाटेच्या थंडीत फडात शिरावे, तोडावे, मोळ्या बांधाव्या, गाडी भरून द्यावी, आणि रात्री गाडी आली तर रात्री उठावे, असा तो क्रम आहे. एक दिवस काम चुकले तर खाडा धरला जातो, आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. अशा जोडप्यास, नाताळास घरी का आला नाही, असे विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. गावात मागे म्हातारी माणसे राहतात, आणि शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवलेली मुले राहतात. नाताळच्या उपासनेत ही मुले गीत म्हणावयास उभी राहतात, तेव्हा त्यांची नजर कोणास शोधते हे पाळकास दिसते.

२०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा हंगाम संपत आला असताही हजारो ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली. अखेर एप्रिल महिन्यात शासनाने त्यांस गावी परतण्याची परवानगी दिली. त्या वर्षी शहरांतल्या सुखवस्तू लोकांसही पहिल्यानेच कळले की, आपल्या माणसांपर्यंत पोचता न येणे म्हणजे काय. त्याच सालच्या नाताळात प्रार्थनामंदिरांत पन्नासांहून अधिक माणसे नसावीत अशी सूचना होती, आणि पुष्कळांस तो दिवस जड गेला. साथ गेली, बंदी उठली, शहरातला मनुष्य विसरला. ऊस तोडणाऱ्याचा नाताळ मात्र अद्याप तसाच आहे.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, जो येऊ शकत नाही व जो येऊ इच्छीत नाही, ह्या दोघांस एका मापाने मोजू नये. दारिद्र्याने ज्यांस वेगळे केले त्यांच्या माथी दोष नाही. योसेफ व मरीया हुकुमाच्या धाकाने घराबाहेर होती, आणि देव त्यांच्या मुक्कामी गेला. दुसरी ही की, विश्रांतीची आज्ञा देताना देवाने दास, दासी, परका व बैल ह्यांची नावे घेऊन ती दिली आहे. जो स्वतः सुटी घेतो व हाताखालच्यास देत नाही त्याची सुटी देवाच्या आज्ञेत बसत नाही. आमच्या वाचकांत जे बागायतदार आहेत, मुकादम आहेत, ज्यांच्या घरी वा दुकानात दुसऱ्याचे लेकरू कामास आहे, त्यांनी हा विचार आपल्या पदरी बांधून घ्यावा.

मंडळीनेही केवळ हळहळून थांबू नये. ज्या गावची माणसे ज्या कारखान्यावर आहेत ते पंचांस ठाऊक असते. दोघा-चौघांनी घरचा फराळ, म्हाताऱ्यांचा निरोप व मुलांची अक्षरे घेऊन नाताळच्या आठवड्यात तेथवर जाणे अशक्य नाही. कोपीपुढे शेकोटीभोवती, टाळांवर दोन भजने व ख्रिस्तजन्माचा पाठ, एवढी उपासना पुरे आहे. ज्या रात्रीची आपण आठवण करतो ती रात्रही उघड्यावरचीच होती. आणि गावात जी आजी नातवंडांस घेऊन एकटी आहे, तिच्या घरी ताट पोचवून परत येऊ नये. तिला आपल्या पंगतीस आणावे. पोचवलेले ताट व मांडलेला पाट ह्यांत अंतर आहे.

आता येऊ शकतात पण येत नाहीत त्यांविषयी. ह्यांत आम्हांस तीन प्रकार दिसतात. पहिला लाजेचा. शहरात काम सुटले, हाती पैसा नाही, आईस लुगडे नाही, पुतण्यांस कपडे नाहीत; रिकाम्या हाताने कसे जावे म्हणून मुलगा येत नाही, किंवा व्याजाने पैसे काढून येतो व वर्षभर फेडीत बसतो. अशा भावास आम्ही सांगतो, रिकाम्या हाताने या, पण या. मेंढपाळांनी काही आणले होते असे लूक लिहीत नाही. सोने, ऊद व गंधरस आणणारे मागी लोक निराळे. मेंढपाळ नुसते आले, त्यांनी पाहिले, आणि देवाचा गौरव करीत परत गेले. आणि घरच्यांसही सांगतो की, दारात पाऊल टाकणाऱ्याच्या पिशवीकडे आधी पाहू नका.

दुसरा प्रकार तंट्याचा. बांधावरून भावाभावांचे बोलणे बंद आहे. बापाने वाटणी नीट केली नाही. बहिणीने मनाजोगे लग्न केले म्हणून तिला बोलावणे नाही. शहरातली नोकरी हे मग चांगले निमित्त होते. ह्यांस प्रभूची आज्ञा स्पष्ट आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. नाताळास घरी गेल्याने जुने वाद उकरले जातील हे खरे आहे. परंतु जो वाद भेटीने वर येतो तो न भेटल्याने मिटलेला नसतो. तो केवळ झाकलेला असतो. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेणे कठीण आहे, आणि ते कठीण आहे म्हणूनच त्यास मोल आहे.

तिसरा प्रकार एकत्र असूनही नसण्याचा. घर माणसांनी भरलेले आहे, आणि घरची सून चार दिवस चुलीपुढून उठलेली नाही. करंज्या तिने तळल्या, अनारसे तिने केले, पाहुण्यांची अंथरुणे तिने घातली. उपासनेची घंटा झाली तेव्हा सारे निघाले व ती भाताकडे पाहत राहिली. तिचेही एक माहेर आहे, तेथेही कोणी तिची वाट पाहत आहे, हे किती घरांत मनात येते? आपल्या माणसांबरोबर नाताळ करावा असे म्हणताना तिला आपल्या माणसांत धरले नाही, तर ते एकत्र येणे तिच्या पाठीवर उभे राहिले. पुरुषांनी एक वेळ पाणी भरावे, भांडी घासावी, आणि सर्वांनी मिळून देवळास जावे. ह्याने कोणाची प्रतिष्ठा गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणखी एका घराविषयी बोलणे प्राप्त आहे. ज्या घरातले माणूस ह्या वर्षी मृत्यूने नेले, तेथे कोणी कितीही आले तरी एक जागा रिकामी राहते. अशा घरास सणाचा आनंद करा असा उपदेश करू नये. त्यांच्याजवळ जाऊन बसावे, गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याचे आवडते भजन म्हणावे. बेथलेहेमात जन्मलेल्याच्या गोष्टीत हेरोदाची तलवार व रडणाऱ्या आयाही आहेत. शास्त्राने त्या वगळल्या नाहीत. जो आपल्याबरोबर राहावयास आला तो आपल्या मरणापर्यंत बरोबर आला, आणि म्हणून त्याच्याजवळ निजलेले आपणांस कायमचे परके झाले नाहीत, ही आमची आशा आहे.

तात्पर्य हे की, नाताळास आपल्या माणसांत असणे ही आज्ञा नव्हे, आणि ती नुसती हौसही नव्हे. जो देव दुरून प्रेम करून थांबला नाही, त्याच्या प्रीतीचा तो आपल्या घरातला लहानसा कित्ता आहे. ज्यांस जाता येते त्यांनी जावे. ज्यांस येता येत नाही त्यांजकडे आपण जावे. ज्यांस कोणी नाही त्यांस आपले म्हणावे. बंधुभगिनींनो, नाताळच्या सकाळी देवळाकडे निघण्यापूर्वी आपल्या गल्लीतली दारे मोजा. ज्या दारापुढे चांदणी टांगलेली नाही, तेथे थांबून हाक द्या. प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा आपणां सर्वांबरोबर, जवळ असलेल्यांबरोबर व दूर फडात असलेल्यांबरोबर, असो.